तडकलेली झांज आणि चायना सिंबल

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन. दहावी, मार्च १९८९ ची तुकडी.)



सूत्रसंचालकांनी आत्ता माझी ओळख 'प्रख्यात ड्रमर' अशी करून दिली. प्रख्यात वगैरे काही नाही. भिवंडी, कल्याण, वसई या पट्ट्यात हळद असो, लग्न असो, गणपती असो, ऑर्केस्ट्रा असो, बोलावतील तिथे गेली तीसेक वर्षं वाजवतोय. तुमच्यातल्या निम्म्या लोकांच्या हळदीत मी होतो. तुम्ही नाचत होतात, म्हणून माझ्याकडे लक्ष गेलं नसेल. (हशा)

समितीनं सांगितलं होतं की प्रत्येकानं आपल्या कामातली एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल पंधरा मिनिटं बोलायचं. डॉक्टरीण बाईंनी स्टेथोस्कोप आणला, आपल्या सायझिंगवाल्या शेठनी सुताची कांडी आणली. मी ही थाळी आणली आहे. जेवणाची नाही. हिला आम्ही 'चायना' म्हणतो. आधी ऐका, मग बोलू.

(इथे वाजवून दाखवले.)

बाई, माफ करा, पहिल्या रांगेत तुम्हीच आहात हे विसरलो. पण तुम्ही दोन्ही हात कानांवर नेलेत, हेच मला दाखवायचं होतं. आता ही दुसरी ऐका. हिला 'क्रॅश' म्हणतात.

(इथे वाजवून दाखवले.)

फरक कळला? क्रॅश फुलते, पसरते आणि हळूहळू विरते. देवळातली घंटा वाजल्यावर मागे नाद राहतो, तसा काहीतरी मागे राहतो. चायना तशी नाही. तिचा आवाज एकदम अंगावर येतो आणि लगेच निघून जातो. वरती पत्र्यावर वाळू ओतल्यासारखी खरखर, आणि नीट कान दिलात तर खाली मोठ्या थाळ्याची घरघर. माझी बायको म्हणते, भांड्यांची मांडणी कोसळल्यासारखं वाटतं. तीस वर्षांत याहून नेमकं वर्णन मला जमलेलं नाही.

हे सगळं आकारामुळे होतं. हातात घेऊन बघा. क्रॅश मधल्या वाटीपासून कडेपर्यंत एकाच बाकात उतरत जाते, उथळ परात पालथी घातल्यासारखी. चायनाची कड मात्र शेवटच्या दोन-अडीच बोटांत उलटी वर वळवलेली असते. मधली वाटीही गोल नसते, उभ्या डब्यासारखी असते. मूळच्या चिनी झांजांना ती मूठ म्हणून असे. त्यांच्या नाटकात आणि सिंहाच्या नाचात ही झांज अजून जोडीनंच वाजते, तिला ते 'बो' म्हणतात. कड उलटी वळली की पत्र्याची थरथर एका सुरात राहत नाही. नाना तऱ्हेचे आवाज एकाच वेळी उठतात, एकमेकांवर आपटतात आणि विझतात. त्यामुळे सूर सापडत नाही, पण गर्दीतून वाट मात्र काढतात. आम्ही बहुतेक जण ती स्टँडवर उलटी लावतो, म्हणजे काठी वर वळलेल्या कडेवर न बसता वळणाच्या खांद्यावर बसते. नाहीतर कड काठी कुरतडते आणि एका हळदीत दोन जोड्या संपतात.

अमेरिकेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ड्रमसेट तयार होत होता, तेव्हा त्यात चिनी बनावटीचे ढोल आणि चिनी झांजा असत. ड्रमला लागणाऱ्या झांजांची दोन मोठी घराणी, एक चिनी आणि एक तुर्की. तुर्की घराण्यातलं सगळ्यात मोठं नाव झिल्डजियन. १६२३ साली कॉन्स्टँटिनोपलमध्ये, म्हणजे आजच्या इस्तंबूलमध्ये, एका आर्मेनियन माणसानं तो कारखाना सुरू केला आणि १९२९ मध्ये घराणं अमेरिकेत कारखानदारी करू लागलं. तुर्की भाषेत 'झिल' म्हणजे झांज. झिल्डजियन म्हणजे झांज घडवणाऱ्याचा मुलगा. थोडक्यात काय, आडनाव कासार.

हे मी गमतीनं म्हणत नाही. आपल्या कासार आळीवरून आपण रोज शाळेत यायचो, पण कासार हा शब्द काशावरून, कांस्यावरून आला हे मला फार उशिरा कळलं. आजी उन्हाळ्यात पायाला तूप लावून काशाची वाटी घासायची. त्या वाटीचा धातू आणि या थाळीचा धातू जवळजवळ एकच. साधारण चार भाग तांबं आणि एक भाग कथील. या धातूचा स्वभाव मोठा विचित्र. लोखंड लाल करून पाण्यात बुडवलं की कडक होतं. हे कासं लाल करून पाण्यात बुडवलं की उलट जरा नरमतं, आणि हळूहळू थंड होऊ दिलं तर ठिसूळ होतं. नादाला याच्यासारखं दुसरं काही नाही, पण चुकीचा फटका सोसत नाही. वाकत नाही, तडकतं.

तडकण्यावर आलोच आहे, तर ज्या गोष्टीसाठी मी आज माईक मागून घेतला ती सांगतो.

आपलं लेझीम पथक आठवतंय? पी.टी.च्या सरांनी नववीत मला पथकात घेतलं आणि आठ दिवसांत लेझीम काढून घेतलं, कारण माझा उजवा पाय नेहमी डाव्याच्या आधी पडायचा. सर म्हणाले, "पायात ताल नाही तुझ्या, हातात आहे का बघू," आणि झांजांची जोडी हातात दिली. शाळेची जुनी जोडी. आतून लाल गोंड्याची दोरी, वाटीच्या भोवती पिवळा पत्रा घासून पांढुरका झालेला. सरांनी वाजवायची पद्धतही नीट शिकवली होती. दोन्ही झांजा समोरासमोर सरळ आपटायच्या नाहीत. तसं केलं की मधली हवा कोंडते, आवाज घुसमटतो आणि सगळा मार कडेवर येतो. एक थोडी खाली, एक थोडी वर धरायची आणि तिरकी सरकवत भिडवायची.

मला हे कळत होतं. पण ढोलवाले माझ्यापेक्षा जोरात वाजवायचे, आणि मुलींच्या पथकासमोर आपला आवाज दबतो याचं मला वाईट वाटायचं. (हशा) जानेवारी १९८८. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर मैदानावर कोणी नव्हतं. मी अंगातला सगळा जोर काढून झांजा सरळ समोरासमोर आपटल्या. तिसऱ्या-चौथ्या फटक्याला आवाज बदलला. 'झँ' होतं त्याचं 'ख्यँ' झालं. उजेडात धरून पाहिलं तर एका झांजेला कडेपासून आत बोटभर केसासारखी चीर.

मी जोडी दप्तरात टाकली आणि घरी नेली.

माझे वडील, अण्णा, यंत्रमागावर जॉबर होते. माग बिघडला की दुरुस्त करायचा. इतर गावांतल्या लोकांना समजावून सांगावं लागतं, तुम्हाला नाही. चोवीस माग एका शेडमध्ये, धोटा इकडून तिकडे, खटाक-खटाक, शेजारच्याशी बोलायचं तर कानाला तोंड लावावं लागे. त्या गदारोळात अण्णा दारात उभे राहून सांगायचे, "सातव्याचा पिकर ढिला झालाय." बाकीचे जाऊन बघत, तर खरंच ढिला. लोकांना वाटतं मी संगीत कुठेतरी शिकलो. मी ते त्या शेडच्या दारात डबा घेऊन उभा असताना शिकलो. चोवीस आवाजांतून एक चुकलेला आवाज वेगळा ऐकायचा, एवढंच ते शिक्षण.

त्या दिवशी मोरीशेजारच्या खोलीत दार लावून मी झांज हळूच वाजवून बघितली. अण्णा बाहेर ओट्यावर बसले होते. तिथूनच म्हणाले, "चीर आहे तिला."

मी बाहेर आलो. त्यांनी झांज घेतली, नखानं कडेवरून चाचपली आणि चीर जिथे संपते तिथे बोट ठेवलं. म्हणाले, "इथं बारीक भोक पाडलं तर चीर पुढं जात नाही. ड्रिल माझ्याकडे आहे. आवाज पहिल्यासारखा होणार नाही, पण आणखी चार-पाच वर्षं जाईल. सोमवारी सरांना सांग, त्यांनी हो म्हटलं की पाडून देतो. शाळेची वस्तू आहे, विचारल्याशिवाय हात लावणार नाही."

सोमवारी मी सरांना सांगितलं नाही. प्रार्थनेच्या आधी जोडी क्रीडासाहित्याच्या कपाटात गुपचूप ठेवून दिली.

पुढचं तुमच्यापैकी काहींना आठवत असेल. कपाटाची किल्ली ज्याच्याकडे असायची, तो आपला मित्र त्या दिवशी सराव घ्यायला झांजा घेऊन गेला. त्यानं वाजवल्या, बरोबर पद्धतीनं वाजवल्या, आणि दुसऱ्याच फटक्याला चीर वाटीपर्यंत गेली. पोपडा निघावा तसा तुकडा खाली पडला. सगळ्यांच्या देखत. त्याच्याकडून किल्ली गेली आणि २६ जानेवारीच्या पथकातून त्याचं नावही गेलं. त्यानं दोन महिने घरून नवीन गणवेश मागून घेतला होता त्या दिवसासाठी. संचलनाच्या वेळी तो कुंपणाबाहेर उभा होता, मी त्याला पाहिलं. त्या वर्षी मी उसन्या झांजा वाजवल्या.

घरी अण्णांनी विचारलं, "काय म्हणाले सर?" मी म्हटलं, "नवीन आणणार आहेत." खोटं नव्हतं ते. नवीन आणल्याच.

मित्रा, तू आज इथे बसला आहेस. तिसऱ्या रांगेत, उजवीकडून दुसरा. नाव घेत नाही, तुला आवडणार नाही. ती झांज तू फोडली नाहीस. मी फोडली होती. हे सांगायला मला इतकी वर्षं लागली. दर वेळी तू नाक्यावर भेटलास, चहा पाजलास, माझ्या मुलीच्या बारशाला आलास, आणि दर वेळी मी पुढच्या वेळेवर टाकलं. आज सगळ्यांसमोर सांगतो, कारण तुझ्यावर ठपका सगळ्यांसमोर आला होता.

(इथे काही वेळ भाषण थांबले. सभागृहात टाळ्या.)

अरे बस बस, तू वर येऊ नकोस, मला पुढचं बोलता येणार नाही. अजून चायनाचं राहिलंय.

बारावीनंतर मी बेंजो पार्टीत लागलो. आधी ताशा, मग साइड ड्रम, मग ऑक्टोपॅड, मग पैसे साठवून स्वतःचा ड्रमसेट. आमच्या सिंबल म्हणजे पितळी पत्र्याच्या, बँडवाल्यांच्या. बँडच्या वाद्यांसाठी मेरठची जली कोठी प्रसिद्ध, तिथलाच तो माल. १९९७ मध्ये एक चांगली सिंबल घ्यायची म्हणून धोबी तलावला गेलो. दुकानातल्या माणसानं चार-पाच वाजवून दाखवल्या आणि शेवटी कोपऱ्यातली एक अठरा इंची चायना काढली. चीनमधल्या वूहान शहराच्या नावानं येते ती, हातोडीनं ठोकलेली. त्यानं एक फटका मारला.

आणि मी त्या मैदानावर जाऊन उभा राहिलो. तोच आवाज. 'ख्यँ.' दप्तरात लपवलेला.

का घेतली ते तेव्हा सांगता आलं नसतं. दोन महिन्यांची कमाई देऊन घेतली, गोणपाटात गुंडाळून लोकलनं कल्याणला आणि तिथून एस.टी.नं घरी आणली. ओट्यावर स्टँड लावून वाजवली. अण्णा आतून आले. तोपर्यंत त्यांचे कान बरेच गेले होते. बारीक, उंच आवाज आधी जातात. दारावरची घंटा जाते, चिमण्या जातात, बोलण्यातला 'स' आणि 'श' जातो. घरच्यांना वाटतं, म्हातारा मुद्दाम लक्ष देत नाही. पण चायना त्यांना ऐकू आली. म्हणाले, "तडकलेली आणलीस?"

मी म्हटलं, "नाही अण्णा, घडवलीच आहे अशी."

त्यांनी कडेवरून नख फिरवलं. पूर्ण गोल. कुठे अडलं नाही. मग म्हणाले, "बरोबर आहे. ही धड आहे." थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "ती शाळेची झांज. सरांना सांगितलं होतंस का रे?"

नऊ वर्षं झाली होती. मी नाही म्हटलं. ते काही बोलले नाहीत, आत गेले. ते गेले त्याला आता बरीच वर्षं झाली, पण प्रश्न तिथेच ओट्यावर राहिला.

आता ही वाजवायची कशी, ते सांगून संपवतो, कारण यातच तिचा सगळा स्वभाव आहे. नवा पोरगा चायना घेतो आणि दर ओळीला वाजवतो. दहा मिनिटांत लोक वैतागतात. चायना ही हळदीतली मिरची आहे. (हशा) गाणं चढत चढत जातं, ढोलकी थांबते, बेंजोवाला श्वास घेतो, आणि त्या रिकाम्या जागी एकच फटका. नाचणारा माणूस तिथेच हवेत जातो. ती लवकर विझते हाच तिचा गुण आहे. पुढच्या शब्दाची वाट ती अडवत नाही.

पण दुसरीही रीत आहे. न्यूयॉर्कमध्ये मेल लुईस नावाचे ड्रमर होते. १९६६ पासून व्हिलेज व्हॅनगार्ड नावाच्या तळघरातल्या क्लबात दर सोमवारी त्यांचा मोठा वाद्यवृंद वाजत असे. चायनाला बारीक रिबिटा लावून ते तिच्यावर सलग, हलक्या हातानं ठेका धरत. सगळी पितळी वाद्यं जोरात लागली की साधी सिंबल त्यांच्यात हरवते. चायनाची घरघर त्या सगळ्यांच्या खाली सतरंजीसारखी पसरून राहते. हे मी कॅसेटवर पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला चोवीस मागांची शेड आठवली. आपण ज्याला गोंगाट म्हणतो तो हलक्या हातानं वाजवला तर आधार होतो, हे मला तिथे कळलं. आजही लग्नाच्या वरातीत सनई आणि ट्रम्पेट एकदम लागले की मी काठीच्या टोकानं चायना नुसती कुरवाळतो. कोणाला ऐकू येत नाही. थांबलो तर मात्र सगळे वळून बघतात.

एक विनंती, विशेषतः ज्यांची मुलं ढोल-ताशा पथकात आहेत त्यांना. कानांची काळजी घ्या. ८५ डेसिबलचा आवाज आठ तास चालतो असं जाणकार मानतात. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो. १०० डेसिबलला जेमतेम पंधरा मिनिटं. पथकाच्या मध्ये उभं राहिलं की ती पंधरा मिनिटं पहिल्या चौकातच संपतात. माझ्या उजव्या कानात रात्री बारीक शिट्टी वाजते, चायना त्याच बाजूला असते. आता मी कानात बोळे घालूनच वाजवतो. पोरं हसतात. अण्णांच्या पिढीला कोणी बोळे दिले नाहीत. आपल्या गावानं कापड देशभर पाठवलं आणि ऐकू येणं इथेच ठेवलं.

शेवटी, या पिशवीत एक झांजांची जोडी आहे. काशाची, नवीन. लाल गोंडे माझ्या बायकोनं लावलेत. ही शाळेच्या लेझीम पथकासाठी. सर, आपण आज व्हीलचेअरवरून आलात, आपल्या हातात द्यायला मी खाली येतो. पोरांना आपणच सांगा, सरळ आपटायची नाही, तिरकी भिडवायची. आणि चीर गेलीच तर त्याच दिवशी येऊन सांगायचं, चिरेच्या टोकाला भोक पाडता येतं. ड्रिल अजून आमच्या घरी आहे.

पहिला फटका मात्र माझ्या मित्रानं मारावा अशी माझी इच्छा आहे. २६ जानेवारी १९८८ चा राहिलेला.

ये रे आता वर.

(इथे वाजवून दाखवले.)